चाळीस ग्रॅम ते पन्नास किलो

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी पिंट्या घरी आला. पिंट्या म्हणजे माझा मावसभाऊ. वय बत्तीस, रसायनशास्त्रात पीएच.डी., पण घरात अजूनही पिंट्याच. येताना खिशातून एक काचेची छोटी बाटली घेऊन आला होता, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली. आत काळी पूड. बायकोला वाटलं कुठलं तरी आयुर्वेदिक दंतमंजन असेल.

"दादा, चाळीस ग्रॅम आहे," असं म्हणून त्याने बाटली अगदी हळुवार टीपॉयवर ठेवली. "मला पन्नास किलो करायचंय. वीस लाख कमी पडतायत."

आता वीस लाख ही रक्कम पोह्यांची बशी हातात असताना उच्चारायची गोष्ट नाही. पण मुलगा सरळ आहे, त्याला प्रस्तावना येत नाही. मी म्हटलं, आधी हे आहे काय ते सांग.

तर ते हार्ड कार्बन होतं. आपल्या मोबाइलमधल्या लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे नीट रचलेला पत्त्यांचा कॅट. लिथियम त्या पत्त्यांच्या मधे जाऊन बसतो. लिथियमऐवजी मिठातला सोडियम वापरता आला तर बरंच स्वस्त पडेल, पण सोडियम ग्राफाइटच्या त्या रचनेत धडपणे शिरतच नाही. त्याला लागतो विस्कटलेला कॅट, मधे फटी आणि पोकळ्या असलेला. तो म्हणजे हार्ड कार्बन. पिंट्या तो उसाच्या चिपाडापासून बनवतो. चिपाड धुवायचं, वाळवायचं, हवा लागू न देता तापवायचं, आम्लाने धुऊन राख काढायची आणि मग पुन्हा नायट्रोजनमध्ये १,३०० अंशांपर्यंत न्यायचं. शंभर किलो वाळक्या चिपाडातून शेवटी त्याच्या हाती जेमतेम पंधरा किलो कार्बन लागतो.

एका बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने त्याचा नमुना तपासला होता आणि त्यांना तो आवडला होता. आता त्यांना पन्नास किलो हवा होता, तीन वेगवेगळ्या बॅचमध्ये, आणि तिन्ही बॅच एकसारख्या. त्याच्याकडे होती प्रयोगशाळेतली नळीची भट्टी, दिवसाला चाळीस ग्रॅम देणारी. मी मनातल्या मनात भागाकार केला. साडेबाराशे बॅच. रोज एक काढली, दिवाळीलाही सुट्टी घेतली नाही, तरी साडेतीन वर्षं.

"मग मोठी भट्टी घे ना. झालं काम."

पिंट्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखतो. "छोटासाच बदल आहे, संध्याकाळपर्यंत होईल ना?" असं विचारणाऱ्या क्लायंटकडे मी तसंच बघतो.

आमच्या धंद्यात एक लाड आहे, त्याची आम्हाला जाणीवही नसते. पहिली प्रत बनवायला वर्ष जातं, पण दुसरी प्रत फुकट, आणि ती पहिलीसारखीच असते, शेवटच्या बिटपर्यंत. लाखावी प्रतही तशीच. वापरणारे वाढले की आमचीही धावपळ होते, सर्व्हर झोपतात, रात्री दोनला फोन येतात, सगळं खरं. पण 'बेरीज' करणारं फंक्शन दहा हजार लोकांनी वापरलं म्हणून मधोमध कच्चं राहत नाही. पदार्थाचं तसं नसतं. पदार्थाची दुसरी प्रत काढायला पहिलीइतकेच कष्ट पडतात, आणि हजार पट मोठी प्रत काढायची तर तो वेगळाच पदार्थ निघू शकतो.

हे मला कळायला हवं होतं, कारण मी शिऱ्याच्या बाबतीत हे भोगलंय. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला एका वर्षी प्रसादाची जबाबदारी मी उत्साहाने अंगावर घेतली. घरी सव्वा वाटीचा शिरा मला उत्तम जमतो. सव्वा वाटीचं सव्वा सहा किलो करायचं, प्रमाण सगळं सव्वाचंच, त्यात काय आहे? एक्सेलमध्ये तक्ता केला होता! रवा, तूप, साखर, दूध सगळं ग्रॅमपर्यंत बरोबर. भल्यामोठ्या कढईत रवा ओतला आणि दहा मिनिटांत खालचा रवा तपकिरी, वरचा पांढराशुभ्र. गॅस कमी केला तर वरचा भाजेना, वाढवला तर खालचा जळे. शेवटी तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी उलथनं हातातून काढून घेतलं, निम्मा रवा दुसऱ्या कढईत घातला आणि मला केळी कापायला बसवलं. माझा तक्ता बरोबर होता हे मी आजही ठामपणे सांगतो.

त्यात न लिहिलेली गोष्ट भूमितीची होती. भांडं लांबी, रुंदी, उंचीला दहापट केलं की आतला माल हजारपट होतो, पण भांड्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता आत जायची किंवा बाहेर पडायची ती त्या पृष्ठभागातून. म्हणजे प्रत्येक किलोच्या वाट्याला दहावा हिस्साच पृष्ठभाग येतो. त्यात माल न ढवळता नुसता पडून असेल आणि थर दहापट जाड असेल, तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला शंभरपट वेळ लागतो. पिंट्याच्या नळीत चाळीस ग्रॅम पूड एका छोट्या पांढऱ्या होडीत पातळ पसरलेली असते. सगळ्या कणांना एकच तापमान, एकच वेळ मिळतो. पाच किलोच्या भट्टीत कडेच्या कणाला एक आयुष्य आणि मधल्या कणाला दुसरंच. शिवाय तापताना चिपाडातून वाफा आणि डांबर बाहेर पडतं. नळीत ते नायट्रोजनबरोबर वाहून जातं. जाड थरात ते वरच्या कणांवर जाऊन बसतं आणि त्यांच्या बारीक फटी बुजवतं, म्हणजे ज्या फटींसाठी हा सगळा खटाटोप त्याच.

आणि चिपाडाचं म्हणाल तर तो वेगळाच तमाशा. चिपाड फुकट मिळतं हा माझ्यासारख्या शहरी माणसाचा गैरसमज. साखर कारखाने ते स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, त्यामुळे त्याला किंमत आहे. मिळतं ते गळीत हंगामात. पुढे महिनोन्‌महिने उघड्यावर ढीग पडलेला असतो, तो आंबतो, त्यात माती मिसळते. मातीत सिलिका आणि लोह. "प्रयोगशाळेत मी एकाच पोत्यातलं चिपाड दोन वर्षं वापरलं," पिंट्या म्हणाला. "एकाच शेतातला, को ८६०३२ जातीचा ऊस. माझी पीएच.डी. हार्ड कार्बनवर नाहीये दादा, त्या पोत्यावर आहे."

हे वाक्य ऐकून मला तो आवडायला लागला. (आधी आवडत नव्हता असं नाही, पण वीस लाखांनी जरा अंतर पडलं होतं.)

मी विचार करतो म्हणालो. संध्याकाळी मावशीचा फोन. "त्याला तू तरी सांग रे, नोकरी कर म्हणावं. तुझं ऐकतो तो." म्हणजे एकाला पैसे द्यायचे की त्याच्या आईला शब्द द्यायचा, असा मामला. पैसे होते, नाही असं नाही. पण ते मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले.

पुढच्या काही रात्री मी या विषयात जे सापडेल ते वाचत बसलो. आणि वाचता वाचता एका गोष्टीत अडकलो. कार्बन तंतू, म्हणजे आपलं कार्बन फायबर. कृतीच्या दृष्टीने पिंट्याच्या पुडीचा हा थोरला चुलतभाऊच: काहीतरी सेंद्रिय घ्यायचं, हवेविना तापवायचं, मागे कार्बन उरू द्यायचा.

१९५८ साली अमेरिकेत ओहायोमधल्या पार्मा इथे, युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन नावाचा तरुण शास्त्रज्ञ वेगळंच काही शोधत होता. ग्राफाइट प्रचंड दाबाखाली, प्रचंड तापमानाला वितळतं कधी, हे. त्या नादात त्याला भट्टीत केसाहून कितीतरी बारीक तंतू सापडले, वाकवले तरी न तुटणारे, आणि पोलादाच्या कितीतरी पट ताकदीचे. त्याचं उत्पादन किती महाग पडेल याचा त्याने स्वतःच अंदाज केला होता: एका पौंडाला एक कोटी डॉलर. पिंट्याची बाटली मला एकदम स्वस्त वाटायला लागली.

त्या तंतूंनी इतकंच सिद्ध केलं की अशी ताकद शक्य आहे. कारखान्यात जाणारी वाट दुसरीकडूनच निघाली. जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या अकिओ शिंदो यांनी १९५९ च्या सुमाराला अॅक्रिलिकचा, म्हणजे स्वेटरला वापरतात त्या जातीचा धागा घेऊन कार्बन तंतू बनवले. १९६३-६४ मध्ये इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन या तिघांनी ओळखलं की धागा तापताना आकसतो, तो ताणून धरला तर ताकद खूप वाढते. हा धागा आधी दोनशे ते तीनशे अंशांवर हवेत भाजून स्थिर करावा लागतो, आणि त्यात तो स्वतःच उष्णता सोडतो. दोन-चार धागे असले तर ती उष्णता उडून जाते. हजारो धाग्यांचा जाड पेळू असला तर आत साठते, आणि घाई केली तर पेटतो. पुन्हा जोशीकाकूंचीच कढई.

इंग्रजांकडे शास्त्र होतं, उत्तम होतं. त्यांनी घाई केली ती दुसऱ्या ठिकाणी. रोल्स-रॉइसने आपल्या नव्या आरबी २११ इंजिनाच्या पुढच्या मोठ्या पंख्याची पाती या नव्या पदार्थाची करायची ठरवली. मार्च १९६८ मध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी हे इंजिन निवडलं गेलं. पंखा हलका, म्हणून सगळं इंजिन हलकं. मे १९७० मध्ये पक्षी आदळण्याची चाचणी झाली, तीत मेलेली कोंबडी तोफेसारख्या यंत्रातून पात्यांवर सोडतात, आणि पात्यांच्या चिंधड्या झाल्या. रोल्सने शहाणपणाने टायटेनियमची पाती समांतर तयार ठेवली होती, ती बसवली. पण वजन, वेळ आणि खर्च सगळंच हाताबाहेर गेलं होतं, आणि कराराची किंमत तर ठरलेली. ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली, सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. एकट्या पात्यांवर खापर फोडणं अन्यायाचं होईल. टायटेनियमचा पंखा लावूनही त्या इंजिनाची बाकीची दुखणी होतीच. पण नव्या पदार्थाला पहिलीच नोकरी दिली ती जिथे एक चूक खपत नाही अशी, हे मात्र खरं.

आता त्याच १९७१ साली जपानमध्ये काय चाललं होतं बघा. तोरे नावाची कंपनी, मूळ धंदा कृत्रिम धाग्यांचा. तिने शिंदोंचं पेटंट वापरायचा परवाना घेतला, धागा काढण्यात ती तरबेज होतीच, आणि १९७१ मध्ये विक्रीसाठी कार्बन तंतू काढायला सुरुवात केली. पण ते विकायचे कोणाला? विमानवाले एकेका पदार्थाची वर्षानुवर्षं परीक्षा घेतात. तोवर भट्ट्या काय रिकाम्या ठेवायच्या?

तोरेचे तंतू गेले मासे पकडायच्या काठ्यांमध्ये आणि गोल्फच्या काठ्यांमध्ये.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी एकटाच हसलो. जपानी माणूस आयू नावाचा नदीतला मासा पकडायला आठ-नऊ मीटर लांब काठी घेऊन दिवसभर उभा राहतो. काठी हलकी झाली तर तो वाटेल ती किंमत देतो, आणि मोडली तर शिव्या देतो, मरत नाही. १९७२ साली गे ब्रुअर हा अमेरिकन खेळाडू जपानमधली मोठी गोल्फ स्पर्धा काळ्या दांड्याची काठी घेऊन जिंकला आणि काळ्या दांड्याची लाट आली. त्या हौशी लोकांच्या पैशांवर तोरेच्या भट्ट्या चालत राहिल्या. आणि भट्टी चालत राहिली की माणसं शिकतात: कुठला धागा कुठे तुटतो, कुठल्या दिवशी का तुटतो. पुढे विमानांचे किरकोळ भाग, मग नव्वदच्या दशकात बोइंग ७७७ ची शेपटी, आणि २०११ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागलेलं ७८७, त्याच्या ढाच्याचं निम्मं वजन अशा संमिश्र पदार्थांचं. चाळीस वर्षं. ज्या पंख्याच्या पात्यांवर रोल्स आपटली, तशी कार्बनची पाती १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जीई ९० इंजिनात रोजच्या प्रवासाला लागली. पुढच्या धारेला टायटेनियमची पट्टी लावून.

आणि अजून एक बारीकशी गोष्ट, जी मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच पिंट्याला फोन करून सांगितली. कोर्टॉल्ड्‌स ही इंग्रज धागा कंपनी. तिची अॅक्रिलिक धागा काढायची पद्धत पाण्यातल्या क्षारांची होती, आणि कार्बन तंतू करताना ती पद्धत अशुद्धींपुढे फार नाजूक ठरली. स्वेटरला काय फरक पडतो? तंतूला पडायचा. १९९१ मध्ये त्यांनी कार्बन तंतू बनवणं बंद केलं. १९७४ सालीच फार्नबरोच्या लोकांनी दाखवलं होतं की तोच धागा धूळरहित खोलीत काढला तर तंतू जास्त मजबूत निघतो. म्हणजे ताकद कमी करत होती ती हवेतली धूळ.

"हेच!" पिंट्या फोनवर ओरडला. "माझी माती!"

"तुझी माती ठीक आहे. तुझी मासे पकडायची काठी कुठली ते सांग."

पलीकडे शांतता. मग मी समजावून सांगितलं. बॅटरीवाला हा तुझा विमानवाला आहे. त्याला पहिल्या दिवसापासून तीन बॅच एकसारख्या पाहिजेत. तुला त्या जमायला वर्ष लागेल की तीन, तुलाही माहीत नाही. तोवर तुझा वाईट माल कोण घेणार? वाईट, पण अगदीच टाकाऊ नाही असा?

तो दोन दिवसांनी घरी आला, तोंड पाडून. उत्तर त्याला माहीत होतं, आवडत नव्हतं. त्याच भट्टीत आठशे-नऊशे अंशांवर वाफ सोडली तर फिल्टरला लागतो तसा सक्रिय कोळसा निघतो. इचलकरंजीकडे कापड रंगवणाऱ्यांना सांडपाण्यातला रंग काढायला तो लागतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशाशी भावात झुंजावं लागेल, सुटतील तर चार पैसे. पण एकसारखेपणाचा आग्रह त्यांचा कमी.

"दादा, मी सात वर्षं शिकलो ते गटाराचा कोळसा विकायला?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो भावजी, ते जपानी लोक माशांच्या काठ्या विकत होते ना? तुमच्या दादांनी आठवडाभर आम्हाला जेवताना तेच ऐकवलंय."

मी वीस लाख दिले नाहीत. आठ दिले. सेकंडहँड भट्टी आणि भोसरीत एका गाळ्याचं सहा महिन्यांचं भाडं एवढ्यात बसतं, असा त्याचाच हिशेब निघाला. वीसमध्ये त्याने एक महागडं तपासणीचं यंत्र धरलं होतं, ते तूर्त बाहेरून पैसे देऊन वापरता येतं. एकच अट घातली, ती सवयीने: प्रत्येक बॅचची नोंद ठेवायची. पोतं कुठलं, कुठल्या तारखेचं, भट्टीत कुठे ठेवलं, आणि काय बिघडलं. विशेषतः काय बिघडलं. मावशीला फोन करून सांगितलं की वर्षभर बघू, मग मीच त्याला नोकरीला लावतो. ती म्हणाली, "तूही त्याच्यातलाच." बरोबर आहे म्हणा.

हे पैसे परत येतील का? माझा अंदाज विचाराल तर शक्यता निम्म्याहून कमी. चीनमध्ये सोडियमच्या बॅटऱ्या कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या आहेत, आणि त्यांचा कार्बन कोणी भोसरीच्या गाळ्यात बनवत नाही. हे पिंट्यालाही ठाऊक आहे.

काल शनिवारी गाळ्यावर गेलो होतो, म्हणून हे लिहायला बसलो. बाहेर गंजलेलं शटर, शेजारी लेथमशीनचा गाळा, दिवसभर किंचाळणारा. आत भट्टी, नायट्रोजनची दोन सिलिंडरं आणि कोपऱ्यात चिपाडाची पोती, प्रत्येकावर स्केचपेनने तारीख. पाच किलोची पहिली बॅच निघाली होती. पिंट्याच्या कोपरापर्यंत हात काळे, नाकाखालीही काळा पट्टा. त्याने ती एकत्र केलीच नव्हती. जाड प्लास्टिकच्या सहा पिशव्यांत भरली होती आणि वर चिठ्ठ्या: "कड डावी", "कड उजवी", "तळ", "मध्य १", "मध्य २", "वरचा थर".

"वरचा थर पार गेला," तो म्हणाला. "डांबर बसलं त्याच्यावर. तो इचलकरंजीला. पण तळाचं बघ."

मला काय कळणार? मी बघितलं. काळं होतं. त्याने चिमूटभर कागदावर घेतलं, खिशातली ती जुनी बाटली काढली, शेजारी दोन दाणे टाकले आणि उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिला. मग वही उघडली, रकाना भरला आणि मला म्हणाला, "दादा, पुढच्या शनिवारी मोकळा आहेस का? पोती उचलायला माणूस पाहिजे."